हत्तीचा फोटो आणि पोटाखालून मोटारी जाऊ देणारी बस

मोबाईलवर फिरत फिरत आलेल्या दोन गोष्टी आम्ही मध्यंतरी काही शिक्षकमित्रांपुढे ठेवल्या आणि एकच प्रश्न विचारला : यातले खरे कोणते? पहिला होता एक जुना कृष्णधवल फोटो. नदीवर उंच लोखंडी सांगाड्याला टांगलेली आगगाडी आणि तिच्यातून खाली कोसळणारे हत्तीचे पिल्लू. दुसरी होती एक चित्रफीत. आधी प्रदर्शनातल्या टेबलावर धावणारी एक प्रतिकृती आणि मग चीनमधल्या एका रस्त्यावरचे प्रत्यक्ष यंत्र. दुमजली घराएवढी ही बस रस्त्याच्या दोन कडांवर पाय ठेवून चालते आणि तिच्या पोटाखालून मोटारी खुशाल निघून जातात. सगळ्यांनी एकमुखाने उत्तर दिले : हत्ती खोटा, बस खरी.

उत्तर बरोबर होते आणि चूकही होते. हत्तीचा तो फोटो म्हणजे जोडकाम आहे हे खरे. पण घटना मात्र घडलेली आहे. २१ जुलै १९५० रोजी जर्मनीतील वुपर्टाल या शहरात एका सर्कशीने जाहिरातीसाठी ‘तुफी’ नावाच्या हत्तीच्या पिल्लाला तिथल्या टांगत्या रेल्वेत चढवले. पिल्लू बिथरले, डब्याची बाजू फोडून खाली वुपर नदीत पडले आणि नशिबाने किरकोळ खरचटण्यावर निभावले. त्या क्षणाचा फोटो कोणालाच टिपता आला नाही, म्हणून पुढे तो तयार करण्यात आला. बसची गोष्ट नेमकी उलटी. यंत्र खरोखर बांधले गेले आणि रुळावर धावले. चित्रफितीत लबाडीचे जोडकाम नाही. तरीही ती जे सांगत होती, म्हणजे शहरातल्या वाहतूककोंडीवर रामबाण उपाय सापडला आहे, ते वर्षभरातच फोल ठरले.

तेव्हा ‘चित्र खरे आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘चित्र जे सांगते आहे ते खरे आहे का?’ हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, नाटकाचे करतो. भविष्यातील शहरे दाखवणाऱ्या या चित्रफिती आता आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या झाल्या आहेत. त्यांचेही परीक्षण व्हायला हवे. म्हणून आम्ही ही एकच चित्रफीत घेऊन बसलो.

कल्पनेची वंशावळ

कल्पना नवी नाही. १९६९ साली अमेरिकेत क्रेग हॉजेट्स आणि लेस्टर वॉकर या दोन वास्तुविशारदांनी वॉशिंग्टन ते बोस्टन अशा महामार्गावर, खालची वाहने न अडवता धावणाऱ्या अशाच एका वाहनाची कल्पना मांडली होती. ती कागदावरच राहिली. २०१० साली चीनमधील सोंग योउचोऊ यांनी बीजिंगच्या तंत्रविज्ञान प्रदर्शनात तीच कल्पना नव्या रूपात आणली. इंटरनेटवर तिचा बोलबाला झाला. ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत तिला जागा दिली. तोवर रस्त्यावर एक चाकही फिरलेले नव्हते, हे इथे ध्यानात ठेवावे.

मे २०१६ मध्ये बीजिंगच्या त्याच प्रदर्शनात चालती प्रतिकृती मांडण्यात आली आणि तिची चित्रफीत जगभर गेली. एका गाडीतून बाराशे ते चौदाशे प्रवासी जातील, ती चाळीस साध्या बसगाड्यांचे काम करील आणि भुयारी रेल्वेपेक्षा कितीतरी स्वस्तात होईल, असे दावे होते. पुढे २ ऑगस्ट २०१६ रोजी हेबेई प्रांतातील चिनहुआंगदाओ शहरात प्रत्यक्ष गाडीची चाचणी झाली. गाडी २२ मीटर लांब, ७.८ मीटर रुंद आणि ४.८ मीटर उंच होती. पोटाखालची मोकळी उंची २.१ मीटर. चाचणीचा मार्ग ३०० मीटर. या गाडीची क्षमता ३०० प्रवाशांची सांगितली होती. बाराशेचा आकडा अशा चार गाड्या एकमेकींना जोडल्यावरचा.

चित्रफितीचे बलस्थान

परीक्षण करायचे तर आधी गुण सांगावेत. चित्रफीत फार चांगली आहे. एकही शब्द न समजता ती पाचवीतल्या मुलालाही समजते. कोंडीत अडकलेल्या माणसाचे दुःख तिला माहीत आहे. रस्ता रुंद करायला जागा नाही, भुयार खणायला पैसा नाही, मग रस्त्याच्या वरची जी हवा रिकामी पडली आहे ती वापरा, हा विचार मुळात मूर्खपणाचा नाही. ती पाहून आम्हालाही ‘अरे, हे कोणाला आधी कसे सुचले नाही?’ असे वाटले होते.

मात्र ती पाहताना कॅमेरा कोठे आहे याकडे लक्ष द्यावे. प्रतिकृतीच्या दृश्यात तो नेहमी वर असतो. आपण गर्दीत नसतो, गर्दी पाहत असतो. रस्ता सरळ आणि सपाट. खाली फक्त छोट्या मोटारी, त्याही शिस्तीत. ट्रक नाही, सायकल नाही, रस्ता ओलांडणारी बाई नाही. विजेच्या तारा, पादचारी पूल, दिव्यांचे खांब, पाऊस यांपैकी काही नाही. थोडक्यात, ज्या गोष्टींमुळे रस्त्याला शहरातला रस्ता म्हणायचे, त्या सगळ्या काढून टाकल्या आहेत. कोंडी सोडवण्याआधीच चित्रकाराने ती पुसून टाकली आहे.

आता हिशेब करू

चित्राने जे दाखवले नाही ते शोधायला दहावीचे गणित आणि विज्ञान पुरते. उंचीपासून सुरुवात करू. खालून जायला २.१ मीटर जागा आहे. मोटारीची उंची साधारण दीड मीटर, म्हणजे ती जाईल. पण बस तीन मीटरच्या वर असते आणि माल भरलेला ट्रक चार मीटरला टेकतो. हे कोठून जाणार? आणि वरचे काय? गाडीची स्वतःची उंची ४.८ मीटर. चीनमधील शहरी रस्त्यांवरच्या पुलांखाली ४.५ मीटर मोकळी उंची ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे खालून मोटारींना वाट देणाऱ्या या गाडीला स्वतःला पुलाखालून वाट मिळत नाही. पुलाला गाडीचे चित्र दाखवून तो वर उचलला जात नाही.

दुसरी गोष्ट वळणाची. चित्रफितीतल्या रस्त्याला वळण जवळजवळ नाही, आणि शहरात तर वळणे हवीतच. २२ मीटर लांबीची ताठ पेटी ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे आणि तिची चाके दोन टोकांना आहेत असे समजू. पेटीची बाजू ही वर्तुळाची जीवा झाली. जीवेचा मध्य आणि कंसाचा मध्य यांतले अंतर लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले की अंदाजे मिळते. ४८४ भागिले २४०, म्हणजे सुमारे २ मीटर! वळणाच्या बाहेरच्या अंगाची भिंत खालच्या मोटारीकडे २ मीटर सरकणार आणि आतल्या अंगाची भिंत जवळपास तितकीच रुळाबाहेर, फूटपाथवरच्या माणसांकडे जाणार. दोन मीटर म्हणजे एका मोटारीची रुंदी. न्यायाने बोलायचे तर यावर उपाय आहे. पेटीचे ११ मीटरचे दोन तुकडे करून मध्ये सांधा दिला तर हे अंतर निम्मे नव्हे, चतुर्थांश होते, म्हणजे अर्धा मीटर. अभियंत्याने हा विचार करावा आणि करताही येईल. आमची तक्रार एवढीच की चित्रफितीने हा प्रश्न पडूच दिला नाही.

तिसरी गोष्ट प्रतिकृतीची. टेबलावरची छोटी गाडी डौलात चालली म्हणून मोठी चालेल, हा तर्क गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथातच मोडीत काढला होता. प्रत्येक माप ५० पट वाढवले तर वजन ५० च्या घनाने वाढते, पण पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ वाढते फक्त वर्गाने. म्हणजे पायांवरचा ताण ५० पट होतो. हत्तीचे पाय हरणाच्या पायांसारखे सडपातळ नसतात ते याचमुळे. शिवाय ३०० प्रवाशांचेच वजन, माणशी ६० किलो धरले तर, १८ टन भरते. ते गाडीच्या वजनासकट रस्त्याच्या दोन अरुंद पट्ट्यांवर येणार. आणि शहरात रस्त्याच्या कडेखालीच गटारे आणि नळ असतात.

चौथी गोष्ट सूर्यशक्तीची. छतावर सौरपट्ट्या बसवून गाडीला वीज मिळेल असे सांगितले जाई. छताचे क्षेत्रफळ २२ गुणिले ७.८, म्हणजे सुमारे १७२ चौरस मीटर. भर दुपारच्या निरभ्र उन्हात दर चौरस मीटरला १ किलोवॉट ऊर्जा मिळते आणि चांगल्या पट्टीने तिचा पाचवा हिस्सा विजेत उतरतो असे धरले, तरी ३४ किलोवॉट होतात. शहरातल्या एका साध्या बसचे इंजिनसुद्धा १०० किलोवॉटच्या पुढचे असते. म्हणजे दिवे आणि पंखे सूर्यावर चालतील, गाडी नाही.

आता चाचणीकडे येऊ. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर सांगितला होता, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. उभ्या प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद एवढाच वेग वाढवत नेला, तर ६० चा वेग गाठायला १३९ मीटर लागतात आणि तितक्याच हळूवारपणे थांबायला आणखी १३९. बेरीज २७८. मार्ग ३०० मीटरचा, त्यातले २२ मीटर गाडीनेच व्यापलेले. उरले २७८! म्हणजे गाडीने पुरा प्रयत्न केला असता तरी सांगितलेला वेग एक क्षणभर गाठून लगेच ब्रेक लावावा लागला असता. प्रत्यक्षात ती चाचणीत सावकाशच धावली. तीनशे मीटरवर काय सिद्ध होणार आणि काय नाही, हे चाचणीच्या आदल्या दिवशी फळ्यावर मांडता आले असते.

पुढे काय झाले

चाचणीनंतर काही दिवसांतच चीनमधल्याच वृत्तपत्रांनी शंका विचारायला सुरुवात केली. गाडी पुन्हा फारशी हलली नाही. तिचा तळ आणि रूळ रस्त्यात तसेच उभे राहिले. कोंडी सोडवायला आलेली गाडी स्वतःच रहदारीला अडथळा झाली. जून २०१७ मध्ये तो मार्ग उखडायला सुरुवात झाली. जुलै २०१७ मध्ये बीजिंगच्या पोलिसांनी, या प्रकल्पामागच्या गुंतवणूक कंपनीने लोकांकडून बेकायदा पैसा गोळा केल्याच्या संशयावरून, कंपनीच्या प्रमुखासह तीसहून अधिक जणांना ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. भरघोस परताव्याच्या आशेने लोकांनी त्या कंपनीच्या योजनांत बचत गुंतवली होती.

इथे गंमत संपते. आपण चित्रफीत पाहिली, ‘भारी आहे’ म्हणालो आणि पुढे पाठवली. आपले काहीच गेले नाही. पण तीच चित्रफीत दुसऱ्या कोणासाठी गुंतवणुकीचा पुरावा होती. जग वाहवा करते आहे, म्हणजे काहीतरी असणारच, असे त्याला वाटले. त्या वाहवेत आपलाही आवाज होता.

टांगत्या रेल्वेचा धडा

मग अशा सगळ्याच कल्पनांना हसावे काय? मुळीच नाही. पहिल्या फोटोकडे परत जाऊ. हत्ती बाजूला ठेवला तरी नदीवर उलटी टांगलेली रेल्वे हीसुद्धा मनाची करामत वाटावी अशीच आहे. पण वुपर्टालची ही रेल्वे १ मार्च १९०१ पासून आहे. कोलोनचे उद्योजक ऑयगेन लांगेन यांची ती पद्धत. मार्ग १३.३ किलोमीटर, त्यातला बहुतेक नदीच्या पात्रावरून, सुमारे १२ मीटर उंचीवर. एकशेवीसहून अधिक वर्षे लोक तिने कामाला जातात.

चिनी बसला जे जमले नाही ते हिला का जमले? एक म्हणजे ती ‘कोणत्याही शहरासाठी’ नव्हती. वुपरचे खोरे अरुंद, दोन्ही बाजूंना टेकड्या, तळात कारखाने आणि वस्ती दाटलेली. रेल्वे न्यायला मोकळी जागा एकच, नदीच्या वरची. तिथे ना पूल आडवा येई, ना ट्रक. दुसरे म्हणजे वळणाचा प्रश्न टाळलेला नाही, तो सोडवला आहे. टांगलेला डबा वळणावर लंबकासारखा आपोआप बाहेर झुकतो, त्यामुळे प्रवासी बाजूला फेकले जात नाहीत. नदीच्या नागमोडी पात्रावरून जायला हीच युक्ती हवी होती. तिसरे म्हणजे बिघाडाची किंमत तिने मोजली आहे. १२ एप्रिल १९९९ रोजी दुरुस्तीनंतर रुळावर राहून गेलेल्या लोखंडी भागाला धडकून गाडी नदीत कोसळली आणि पाच माणसे गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये वीज पुरवणाऱ्या पट्टीचा मोठा तुकडा खाली पडला. तेव्हा सेवा काही महिने बंद ठेवून २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केली. खऱ्या यंत्राला असा इतिहास असतो. देखभाल असते, चुका असतात, बंद राहिलेले दिवस असतात. चित्रफितीतल्या यंत्राला फक्त उद्घाटन असते.

हे आपल्या दारातही आले होते

कोणी म्हणेल, ही चीनची आणि जर्मनीची कथा, आपल्याला काय त्याचे? पण फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान निर्वात नळीतून धावणाऱ्या ‘हायपरलूप’ची घोषणा झाली तेव्हा आपणही अशाच चित्रफिती पाहिल्या. पुणे–मुंबई पंचवीस मिनिटांत! २०१९ मध्ये राज्य शासनाने त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील नेवाडात ५०० मीटरच्या नळीत माणसे बसवून चाचणी झाली. वेग ताशी १७२ किलोमीटर गाठला. ही नळी बांधणारी कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली.

इथेही साधा भागाकार पुरे होता. २०१३ साली इलॉन मस्क यांनी ही कल्पना मांडली, तेव्हाच्या मूळ आराखड्यात एका डब्यात २८ प्रवासी आणि सरासरी दोन मिनिटांना एक डबा असे धरले होते. तासाला ३० डबे, म्हणजे ८४० प्रवासी. गर्दीच्या वेळी अर्ध्या मिनिटाला एक डबा सोडला तर ३,३६०. पुणे–मुंबई धावणारी सोळा-सतरा डब्यांची एकच आगगाडी हजाराच्या वर माणसे नेते. तेव्हा ‘किती वेगाने?’ या प्रश्नाला चित्रफितीने उत्तर दिले होते, ‘किती जणांना?’ हे आपण विचारायचे राहून गेले. शहराची वाहतूक हा वेगापेक्षा संख्येचा प्रश्न आहे. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी रस्त्यात वेगळी वाट राखून तो पुष्कळसा सोडवून दाखवला. त्या वाटेची चित्रफीत मात्र कोणी कौतुकाने पुढे पाठवत नाही. रस्त्यावर एक पांढरी रेघ आणि वेळेवर येणारी बस यांत पाहण्यासारखे काय आहे?

वर्गात काय करावे

अशी चित्रफीत वर्गात दाखवूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. जरूर दाखवावी आणि मुलांना मनापासून आश्चर्य वाटू द्यावे. त्यांचा उत्साह मोडण्याची घाई करू नये. नवे सुचण्याची सुरुवात तिथेच असते. दुसऱ्या वेळी मात्र आवाज बंद करून दाखवावी आणि चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. हे तासाला किती माणसांना नेईल? वळणावर आणि शेवटच्या थांब्यावर काय होईल? मधेच बंद पडले तर लोक बाहेर कसे येतील? आणि याचा खर्च व देखभाल कोण करील? मग मुलांना दोरी आणि मोजपट्टी देऊन शाळेसमोरच्या रस्त्यावर पाठवावे. रस्त्याची रुंदी, वळणाची त्रिज्या, जाणाऱ्या वाहनांची संख्या त्यांनीच मोजून आणावी. उंच वाहने लांबून अंदाजाने मोजायला त्रिकोणमिती आहेच.

आमच्या त्या बैठकीत शेवटी एका बाईंनी विचारले, “म्हणजे मुलांना आता प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायला शिकवायचे का?” प्रश्न योग्य होता. नुसता संशय शिकलेला मुलगा वुपर्टालच्या रेल्वेलाही हसला असता आणि तुफीची गोष्टही थापच समजला असता. शिकवायचे आहे ते मोजायला. मोजल्यावर बस खाली बसते आणि टांगती रेल्वे टिकून राहते, हा फरक मुलांनी स्वतः काढलेल्या आकड्यांतून पाहिला, की पुढची चित्रफीत पुढे पाठवण्याआधी त्यांचा हात आपोआप वहीकडे जाईल.